फाटकाबाहेरची थोटके

हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या बड्या कंपनीच्या आवारात सिगारेटचे थोटूक शोधून पाहावे, सापडणे कठीण. मग फाटकाबाहेर, समोरच्या टपरीशी यावे. पेव्हर ब्लॉकच्या फटींत, झाडाच्या आळ्यात, गटाराच्या जाळीवर थोटकांचा खच दिसेल. तंबाखू नियंत्रण कायदा २००३चा; त्याखालील नियमांनी २ ऑक्टोबर २००८पासून कचेऱ्यांत धूम्रपानाला मज्जाव झाला आणि तो योग्यच होता. मात्र धुराबरोबर कचराही फाटकाबाहेर गेला आणि गावाच्या गळ्यात पडला. हिंजवडी ज्यात येते, त्या मुळशी तालुक्यात थोटकांविरुद्ध लोकमोहीम उभी राहायला हवी, आणि तिचा पहिला जाब या फाटकांना विचारला पाहिजे.

एवढ्याशा थोटकासाठी मोहीम कशाला, असे म्हणणारे निघतील. सांडपाणी आणि उघड्यावर जळणारा कचरा हे तालुक्याचे मोठे प्रश्न आहेत, यात वाद नाही. पण थोटूक कापसाचे असते, दोन पावसांत विरून जाते, हा समज खोटा आहे. फिल्टरचा पांढरा बोळा सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा असतो. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, नुसता बारीक होत जातो. धुरातले निकोटिन आणि जड धातू त्यात अडकलेले असतात. पाणी लागले की ते सुटू लागतात. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लिटरभर पाण्यात साधारण एक थोटूक भिजवून केलेल्या अर्कात निम्मे मासे चार दिवसांत मेले. हिंजवडी-माणचे ओढे शेवटी मुळा नदीलाच मिळतात. तालुक्यातल्या ताम्हिणी घाटात आणखी निराळी भीती: उन्हाळ्यात वाळल्या गवतावर पेटते थोटूक पडले, तर वणव्याला तेवढे निमित्त पुरते. शेतावरच्या मजुराची बिडी तेंदूच्या पानाची. ती निदान मातीत जाते. संगणकावर बसणाऱ्याची सिगारेट मागे उरते.

सरकारी धोरणाची गंमत अशी की, १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत सिगारेटच्या पाकिटावरचे पातळ वेष्टन आहे. पाकिटातल्या प्रत्येक सिगारेटच्या टोकाला असलेला फिल्टर नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, ती टपऱ्यांवर कोणी पाळताना दिसत नाही. या बंदीचा हेतू आरोग्याचा होता, पण कचऱ्याशीही तिचा संबंध आहे. चहाबरोबर एक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट नसते. मग विझवलेले थोटूक तो ठेवणार कुठे? बुटाखाली चिरडतो आणि निघतो.

म्हणून रविवारी सकाळी हातमोजे घालून, थोटके वेचून, फोटो काढून घरी जाणे ही मोहीम नव्हे. सोमवारी दुपारपर्यंत रस्ता पुन्हा होता तसा होतो. टपरीवाल्याला सोबत घेतल्याशिवाय हे काम होणार नाही. त्याच्यावर दंडाचा बडगा उगारण्याआधी त्याला वाळूने भरलेला पत्र्याचा डबा द्यावा, आणि तो रिकामा करायला ठरलेल्या दिवशी माणूस यावा. कचेऱ्या, बसथांबे अशा धूम्रपानबंदीच्या जागी रक्षापात्र ठेवायला नियमांची मनाई आहे. त्यामुळे डबे कुठे चालतील, हे आरोग्य खात्याकडून आधीच लेखी घ्यावे. नाहीतर कामाला लागलेल्या पोरांनाच नोटीस यायची. आणि डब्यावर कोणत्याही सिगारेट कंपनीचे नाव नको. सफाईला देणगी देऊन प्रतिष्ठा मिळवण्याची या उद्योगाची रीत जगभर जुनी आहे. डब्यांत जमलेल्या थोटकांचे पुढे काय करायचे, हाही प्रश्न आहे. थोटकांतले तंतू धुऊन उशा-खेळण्यांत भरण्याचा उद्योग नोएडात चालतो. कल्पकता मान्य, पण पोरांच्या हातात ते खेळणे द्यायला आमचे मन धजत नाही.

खर्च कोणी करायचा? एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत यांच्यातली टोलवाटोलवी हिंजवडीकरांना रस्त्यांच्या आणि कचऱ्याच्या निमित्ताने पाठ झाली आहे. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने फिल्टरच्या कचऱ्याच्या सफाईचा खर्च सिगारेट उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत आयटी कंपन्यांनी आपापल्या फाटकासमोरचा पट्टा पत्करावा. कर्मचारी त्यांचे, दहा मिनिटांची सुट्टी त्यांनीच दिलेली. सामाजिक दायित्वाचा निधी दूरच्या गावात खर्च करण्याआधी तो दारात खर्च करायला हरकत काय?

राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू होऊन दोन दशके उलटली. त्या अभियानात गावांनी उकिरडे हलवले, शौचालये बांधली; ठराव करून काम तडीस नेण्याची सवय गावांना आहे. १ मेच्या ग्रामसभेत हिंजवडी, माण, पिरंगुट, पौड या गावांनी हा विषय पटलावर घ्यावा. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. तोवर टपऱ्यांसमोर डबे लागले, तर जूनचा पहिला पाऊस गटारातला हा माल मुळेत नेण्याआधी निदान थोडा तरी हाती लागेल.