सेवा, श्रद्धा आणि संमती

‘मिशनरी’ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील सुशिक्षितांचे दोन तट पडतात. एकाला त्यात केवळ करुणा दिसते, दुसऱ्याला केवळ कावा. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याच्या शेजारच्या जामखेडने मात्र या दोन्ही तटांची पंचाईत करून ठेवली आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य १९७० साली जामखेडला आले. आपल्या कार्यामागे ख्रिस्ती श्रद्धेची प्रेरणा आहे, हे त्यांनी लपविले नाही. परंतु रुग्णालय थाटून रोग्यांची वाट पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते. खेड्यापाड्यांतील, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, हगवणीवरील मीठ-साखरेचे पाणी, मुलांची वजने, कुष्ठरोगाची पारख, ही डॉक्टरांची मिरास समजली जाणारी विद्या त्यांच्या हाती आली. जिच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, तिच्याच हाती सवर्ण घरातील बाळंतीण सोपविली जाऊ लागली. कोणत्या प्रवचनाने हे साधले असते? १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याचा अर्थ, सेवेच्या नावाने चालणारे सारेच मिशनकार्य निःशंकपणे स्वीकारावे असा नव्हे. खाटेवरचा रोगी ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा भागात उघड्यावर पडलेली कुटुंबेही नव्हती. अशा वेळी धान्याबरोबर धर्मग्रंथ पुढे केला, तर घेणाऱ्याची संमती ही संमती राहत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला.

नोकरीच्या ठिकाणी तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. आपले दैनंदिन काम हीच आपल्या श्रद्धेची साक्ष, ही ख्रिस्ती विचारातील कल्पना उदात्त आहे. ती हाताखालच्या माणसाशी सचोटीने वागण्यात दिसावी. रजेच्या अर्जावर सही करताना त्याला बायबल ऐकविण्यात नव्हे. कारण त्या क्षणी तो ऐकतो ते साहेबाला, येशूला नव्हे. कचेरीत सत्यनारायण घालून शिपायापुढे वर्गणीची यादी धरणाऱ्या साहेबालाही हाच न्याय लावावा लागेल. पण त्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.