क कमळाचा, मग आमचं काय?

दोस्तांनो, २०२२ साली दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयानं 'प्रौढ शिक्षण' हा शब्दच मोडीत काढला. आता म्हणायचं 'सर्वांसाठी शिक्षण'. ऐकायला गोड. पण या 'सर्वां'त कुणाच्या हातातून पाटी हिसकावली होती, तेच गडप होतं.

२ ऑक्टोबर १९७८ ला जनता सरकारनं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम काढला. त्यात तीन गोष्टी होत्या: अक्षर, व्यवहार, सामाजिक जाणीव. जाणीव निदान कागदावर तरी होती! नव्या योजनेचे पाच घटक वाचा. आकडेमोड, जीवनकौशल्यं, धंदेशिक्षण सगळं आहे. तो एक शब्द तेवढा नाही. शिकवणारा बिनपगारी, त्याला म्हणे 'कर्तव्यबोध' आहे. फुकट राबणं पिढ्यान्‌पिढ्या 'कर्तव्य' म्हणूनच ज्यांच्या गळ्यात मारलं, त्यांना हा शब्द सांगता?

आता घाटकोपरला या. ११ जुलै १९९७. रमाबाई कॉलनीत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. पोलिसांच्या भाषेत तो 'हिंसक जमाव'. वस्तीतल्या म्हातारीनं उद्या ही तीन अक्षरं जुळवली, ज-मा-व, आणि विचारलं, "म्हंजी आमीच का रं?" तर तुमचं पुस्तक काय सांगणार तिला?

वर्ग घ्या. जरूर घ्या. पण पहिल्या दिवशी कमळ नको, पुनर्विकासाचं संमतीपत्र घ्या. बिल्डरचा माणूस सहीसाठी जिथं बोट ठेवतो ना, त्याच्या वरच्या ओळीपासून सुरू करा.