जुन्या पंखांचा संसार

जुनी वस्तू जपणे सोपे असते. जुनी वस्तू वापरणे अवघड असते. माळ्यावरचा तांब्याचा बंब दिवाळीपूर्वी चिंच लावून घासला, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते. पण त्याच बंबात रोज पाणी तापवायचे म्हटले, की जाळी झिजते, तोटी गळते आणि घरातले धाकटे कोणीतरी विचारतेच, "हा मोडीत घालून गीझर का घेत नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी, वाचकहो, आज मी तुम्हांला बरेच दूर नेणार आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अलास्कातील तळ्यांवर काही माणसे साठ-सत्तर वर्षांची विमाने पाळतात. 'पाळतात' हे क्रियापद मी मुद्दाम योजले आहे. गाय पाळावी तसेच ते काम आहे. रोज उठून तिच्याकडे पाहावे लागते.

या विमानाचे नाव बीव्हर. बीव्हर हा झाडे कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा, मोठा उद्योगी प्राणी. आपल्याकडे तो नाही, म्हणून मराठीत त्याला नावही नाही. टोरांटोजवळच्या डाउन्सव्ह्यू येथे डी हॅव्हिलँड कॅनडा या कंपनीने हे विमान बांधले आणि ते प्रथम उडाले १६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी. ते १९६७ पर्यंत बनत होते. एकूण १,६०० हून अधिक बनली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त अमेरिकी सैन्याने घेतली.

या विमानाच्या जन्माची कथा मला फार आवडते. महायुद्ध संपले होते आणि कंपनीला नवे गिऱ्हाईक हवे होते. तिच्या माणसांनी उत्तरेकडच्या आडरानात विमाने चालवणाऱ्यांनाच विचारले, की तुम्हांला काय हवे? या चालकांनी वेग मागितला नाही. कुत्र्यांच्या गाडीपेक्षा जरा लवकर पोचले म्हणजे झाले, असे त्यांतला एक जण म्हणाल्याचे सांगतात. त्यांनी मागितले ते असे: थोड्या जागेतून उठण्याइतके बळ, दोन्ही बाजूंना दारे, म्हणजे धक्का कोणत्याही अंगाला आला तरी माल चढवता येईल, आणि दार एवढे रुंद, की इंधनाचे पिंप लोळवत आत नेता येईल. इंधनाच्या टाक्या पोटात ठेवल्या, म्हणजे गारठ्यात पंखावर चढायला नको. इंजिनात तेल ओतायचे तोंड तर चालकाच्या खोलीतच आले. उडता उडतासुद्धा तेल घालता येते. ज्याला राबायचे त्याला विचारून केलेली वस्तू अशी असते. आपल्या नव्या सदनिकांची स्वयंपाकघरे आखणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

जिथे रस्ता नाही आणि धावपट्टीही नाही, तिथे तळे मात्र असते. म्हणून या विमानाला चाकांऐवजी दोन लांबट, बंद होड्या लावतात. त्यांना फ्लोट म्हणतात. या होड्यांनी विमानाचा स्वभावच बदलतो. पाण्यावर ब्रेक नसतो. इंजिन सुरू होताच विमान चालू लागते. प्रत्येक फ्लोटमध्ये पाणी शिरणार नाही असे निदान चार कप्पे असावे लागतात, आणि कोणतेही दोन कप्पे भरले तरी विमान तरंगत राहिले पाहिजे असा दंडक आहे. कप्प्यांत थोडेफार पाणी झिरपतेच. म्हणून सकाळी उड्डाणापूर्वी हातपंप घेऊन एकेक कप्पा उपसायचा. समुद्रात उतरणे झाले, तर संध्याकाळी सारे अंग गोड्या पाण्याने धुवायचे; नाही तर खाऱ्या पाण्याने पत्रा कुरतडला जातो. मालकीचा सातबारा नावावर असतो, पण दिवस जातो गड्यासारखा.

आता सुधारणांकडे वळू. जुन्या विमानाचा मालक झाला, की माणसाला सुधारणेचा मोह होतो. दोन पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा लावला, तर आवाज कमी होतो. मागे सामानाची जागा वाढवता येते, दारांना फुगीर काचा बसवता येतात, आरामशीर खुर्च्या, नवी दिशादर्शक यंत्रे, सगळे मिळते. सिॲटलजवळची केनमोर एअर ही १९४६ सालची संस्था. सैन्याने काढून टाकलेली बीव्हर विमाने घेऊन ती पार उकलून नव्याने उभारण्यातच तिने नाव कमावले. परंतु घर सुधारणे आणि विमान सुधारणे यांत एक मोठा फरक आहे. घरात कपाट आणले, तर घर तक्रार करीत नाही. विमानात आणलेली प्रत्येक वस्तू तराजूत बसते.

हा हिशेब पाहण्यासारखा आहे. फ्लोटवरच्या मूळच्या बीव्हरचे भरलेले वजन ५,०९० पाउंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २,३०० किलोंपेक्षा, जास्त असता कामा नये. नियम असा, की दोन्ही फ्लोटांनी मिळून या वजनाच्या १८० टक्के भार तोलून धरावा. त्या काळी या विमानाला एडो कंपनीचे जे फ्लोट लावत, त्यांच्या नावातच ४,५८० हा आकडा आहे; एका फ्लोटची तेवढ्या पाउंडांची तरण्याची शक्ती. त्याची दुप्पट करा आणि वजनाशी ताडून पाहा. गणित अगदी काट्यावर येते. म्हणजे पंखाला पेलत असले, तरी होडीला पेलणार नाही. जास्त भार न्यायचा तर मोठे फ्लोट हवेत, पंख आणि त्यांना आधार देणारे दांडे यांचीही मजबुती हवी, आणि मोठे फ्लोट स्वतःच जड. अशा साऱ्या बदलांना सरकारी मंजुरी लागते, परवानाधारक मेकॅनिकची सही लागते, आणि विमान पुन्हा तोलून नवा आकडा वहीत लिहावा लागतो. आरामखुर्ची बसवणाऱ्याला कळते, की आपण तेवढ्या वजनाचे तांदूळ उतरवून ठेवले. म्हणून जाणते मालक सुधारणेला बसले, की पहिल्यांदा काय लावायचे ते न पाहता काय काढता येईल ते पाहतात: जुन्या तारा, बंद पडलेली यंत्रे, रंगावर चढवलेले रंग.

इंजिनाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. बीव्हरचे मूळ इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचे, चक्राकार मांडलेल्या नऊ सिलिंडरांचे, ४५० अश्वशक्तीचे. तासाला ते साधारण ८० ते ९० लिटर इंधन पिते. १९५३ नंतर हे इंजिन नवे बनलेच नाही; जी आहेत तीच उकलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडतात. कंपनीने १९६३ अखेर टर्बाइन इंजिनाचा बीव्हर उडवून पाहिला. हे इंजिन जुन्याच्या निम्म्याहून हलके आणि अधिक बलवान. सारा लाभच लाभ! पण नाकावरचे ओझे हलके झाले, तर विमानाचा तोल मागे जातो. तो साधण्यासाठी हलके इंजिन बरेच पुढे सरकवावे लागले आणि बीव्हरचे आखूड, गोंडस नाक लांब झाले. या जातीची साठच विमाने कंपनीने बनवली. पुढे अनेकांनी जुन्या बीव्हरांनाही टर्बाइन बसवले. लाभ फुकट मिळत नाही. कधी पैशाने द्यावा लागतो, कधी चेहऱ्याने.

ताजा प्रयोग विजेचा. व्हँकुव्हरच्या हार्बर एअर कंपनीने १९५६ सालच्या बीव्हरला विजेची मोटर बसवली, आणि १० डिसेंबर २०१९ रोजी फ्रेझर नदीवरून कंपनीच्या प्रमुखांनी, ग्रेग मॅकडूगल यांनी, ते स्वतः उडवले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी तेच विमान सुमारे ७२ किलोमीटर उडून चोवीस मिनिटांत व्हँकुव्हर बेटावर उतरले. धूर नाही, तेलाचा वास नाही. मात्र प्रवाशांच्या जागी बॅटऱ्या होत्या. तराजूने येथेही आपला हक्क सोडला नाही.

यावर चिकित्सक वाचक विचारतील: इंजिन बदलले, पंख बदलले, पत्रा बदलला, फ्लोट बदलले, मग जुने उरले काय? कायद्याचे उत्तर सरळ आहे. विमानावर एक लहानशी धातूची पट्टी असते, तिच्यावर क्रमांक असतो. ती आणि नोंदवह्या असल्या, की विमान तेच. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे उत्तर कागदी वाटते. ज्ञानेश्वरांच्या काळापासून मराठी शब्दांची रूपे किती पालटली. तरी ती मराठीच, कारण कोणीतरी ती बोलत राहिले. बीव्हरचेही तसेच असावे. दार अजून रुंद आहे, टाकी अजून पोटात आहे, मागल्या पट्ट्या खाली करायला चालक अजून बसल्या जागी हातपंप मारतो, आणि थोड्या पाण्यातून ते अजून उठते. चालकांनी पूर्वी जे मागितले होते, ते जोवर मिळते आहे तोवर विमान तेच. ज्या सुधारणेने त्यातले काही हिरावले जाते, ती सुधारणा कितीही चकचकीत असली, तरी मोडतोडच.

या घराण्याची ओळख आपल्याला अगदीच नाही असे नाही. बीव्हरचा थोरल्या अंगाचा धाकटा भाऊ ऑटर. त्या प्राण्याला मात्र मराठी नाव आहे: पाणमांजर. ही विमाने आपल्या वायुदलात १९५७ पासून होती. त्यानंतरचा ट्विन ऑटर, म्हणजे जुळे पाणमांजर, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी फ्लोटांवर केवडियाहून अहमदाबादच्या साबरमतीत उतरला. तेही विमान वयाने मोठेच होते. हे घराणे टिकले, कारण कोणी ना कोणी त्याचे सुटे भाग पुरवीत राहिले. व्हिक्टोरियाजवळच्या व्हायकिंग एअरने २००६ मध्ये या जुन्या विमानांचे हक्क घेतले, ते याचसाठी.

आणि एक गोष्ट. या विमानांच्या नोंदवह्यांत मालकांची नावे बदलत जातात. एक मालक थकतो, दुसरा घेतो, तिसरा पंख नवे करतो. वयाने विमान बहुधा मालकाहून वडील असते आणि त्याच्यामागेही उडण्याची शक्यता असते. म्हणून 'माझे विमान' असे म्हणताना शहाणा मालक जरा आवाज उतरवत असेल असे मला वाटते. आपल्या पाळीत कप्पे उपसायचे, मीठ धुवायचे, वहीत खरे वजन लिहायचे, आणि पुढच्याच्या हाती ते उडते द्यायचे, एवढीच त्याची मालकी.