सावकाराला लगाम, कार्डाला मोकळे रान

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाऊ लागले की चौदाव्या किलोमीटरशी चितेगाव लागते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हाच. २०१८ च्या जूनमध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ती व तिच्याशी संलग्न बारा कंपन्या यांच्यावरील सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे दावे मान्य झाले. २०२१ च्या जूनमध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली तीत मात्र धनकोंच्या वाट्याला २,९६२ कोटींच्या आसपासच रक्कम येत होती. म्हणजे शंभर रुपयांमागे पाच रुपयांहूनही कमी. अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ही योजना रद्द केली, हे खरे. परंतु धनकोंच्या समितीने तो सौदा तत्पूर्वी बहुमताने पत्करला होता, हेही तितकेच खरे.

याच चितेगावातील एखाद्या कामगाराचा हिशेब आता मांडून पाहू. समजा, मुलाचे आजारपण आणि शाळेचे शुल्क एकाच महिन्यात आले आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर पन्नास हजारांची थकबाकी राहिली. दरमहा साडेतीन टक्के हा कार्डाच्या व्यवहारात सर्रास आढळणारा दर. त्याप्रमाणे एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर अठरा टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ३१५ रुपये होतात. या गृहस्थाने नेमाने अडीच हजार रुपये भरले, तर पहिल्या महिन्यात त्याचे मुद्दल फिटते ते फक्त ४३५ रुपयांनी. नवी खरेदी एका पैशाचीही न करता हे ऋण पुरते फेडण्यास त्याला चव्वेचाळीस महिने लागतील आणि पन्नास हजारांपोटी एक लाख आठ हजारांच्या घरात रक्कम मोजावी लागेल. त्याच्या बाबतीत शंभरास पाच रुपये घेऊन खाते मिटवावे, असा विचार कोणतीही समिती करीत नाही.

‘किमान देय रक्कम’ हा शब्दप्रयोग मोठा फसवा आहे. तेवढी रक्कम भरली की विलंबाचा दंड टळतो. व्याज टळत नाही. इतकेच नव्हे, तर मागील देयक पूर्ण चुकते केले नसेल तर नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही संपुष्टात येते आणि रोख रक्कम काढली असेल तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून आकारणी होते. जो दर महिन्याला संपूर्ण देयक भरतो, त्याला कार्ड ही फुकटची सोय ठरते. जो भरू शकत नाही, त्याच्याकडून त्या सोयीची किंमत वसूल होते. ज्याची ऐपत कमी त्याच्यावरच भार अधिक, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्राला ऋणाचा हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवून दिले. ते लोण पुणे आणि नगर या जिल्ह्यांत पसरले. ब्रिटिश सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणनिवारणाचा कायदा केला. रोख्यावर अंगठा उमटला आहे, एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयांना दिला. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. पण त्यामागील विचार सर्वत्र लागू पडावा असा होता. गरजवंताची सही म्हणजे त्याची खुषी नव्हे, हा तो विचार. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना.

आजच्या स्थितीतील विसंगती येथेच दिसते. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ मध्ये आला आणि राज्य शासनाने परवानाधारक सावकारांचे दर ठरवून दिले. बिगरशेती कर्ज विनातारण असेल तर वर्षाला अठरा टक्के, ही त्यातील वरची मर्यादा होती. बँकांना मात्र हा कायदा लागू नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली घातलेल्या कलम २१ अ प्रमाणे, बँकेचा व्याजदर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाला जुना व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे पेढीवरच्या सावकाराने अठराऐवजी वीस टक्के घेतले तर तो गुन्हेगार आणि कार्डावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला बेचाळीस टक्के घेणारा मात्र प्रतिष्ठित! हे बेचाळीस टक्के चक्रवाढीने एक्कावन्नावर जातात. काहीच भरले नाही तर एकविसाव्या महिन्यात व्याज मुद्दलाला मागे टाकते.

यावर उपाय करण्याचा एक प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी, तीस टक्क्यांवर व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला. बँका अपिलात गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. उभय पक्षांनी मान्य केलेल्या कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार आयोगाला नाही आणि व्याजदराचे नियंत्रण हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, अशी त्यामागची भूमिका होती. कायद्याच्या चौकटीत ती समजण्यासारखी आहे. पण मग ते क्षेत्र ज्यांचे आहे त्यांनी काय केले, हा प्रश्न उरतोच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी दर समर्थनीय असावा असे सांगितले आणि कमाल मर्यादा ठरविण्याचे काम कार्ड देणाऱ्या संस्थांवरच सोपविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्डांच्या थकबाकीवरील जोखीमभार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के करण्यात आला. बँकांच्या सुरक्षिततेची ही काळजी योग्यच होय. तशी काळजी ऋणकोची कोण घेणार?

बँकांचा युक्तिवाद असा की, हे कर्ज विनातारण असते. बुडण्याचा धोका दरात धरावाच लागतो. मर्यादा घातली तर अल्प उत्पन्नाच्या लोकांना कार्ड मिळणार नाही आणि ते पुन्हा बेकायदा सावकाराच्या दारी जातील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तारण नसताना कर्ज देण्याचा निर्णय बँकेचाच असतो. शिवाय बुडव्यांचा भुर्दंड प्रामाणिकपणे धडपडणाऱ्याने सोसावा, हे कोणत्या न्यायात बसते? परतफेडीची ऐपत नसलेल्याच्या हाती बेचाळीस टक्क्यांचे कार्ड देणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. त्याला कमी मर्यादेचे, कमी दराचे आणि ठराविक हप्त्यांचे कर्ज हवे.

म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या व्याजाची कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्यावी. व्याज मुद्दलाएवढे झाले की ते तेथेच थांबावे, हे दामदुपटीचे तत्त्व कार्डांनाही लावावे. आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग, जो २०१९ मध्ये केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला, तो सामान्य ऋणकोलाही खुला करावा.

तोवर ग्राहकाने निदान हाती असलेली शस्त्रे ओळखावीत. न मागितलेले कार्ड माथी मारता येत नाही. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली. बँकेने तक्रारीस तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. केवळ कर्ज थकले म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. वसुलीवाल्याच्या धमकीला भिऊन दुसऱ्या कार्डाने पहिले फेडू पाहणे हीच खरी घातक वाट होय.

सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्या संतापाचा विषय डोळ्यांसमोर दिसत होता. त्याने वह्या जाळल्या. आजच्या ऋणकोला जाळण्यासाठी वही नाही आणि जाब विचारण्यासाठी समोर सावकारही नाही. असा संताप निमूटपणे घराघरांत जिरत राहतो. तो दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे राज्यकर्त्यांनी समजू नये.