रांगोळी पुसली, पण बियाणं वाचलं

भाताची झोडणी उरकली, म्हणून आज जरा घरातली नोंद लिहितो. फिरून फिरून ती भाताच्या गोणीपाशीच येणार आहे, काळजी नको.

आमचं जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव. दिवाळीत इथली पोरं फोटोवरून माणसाचा हुबेहूब चेहरा काढतात. यंदा आमच्या पोरीने तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं चित्र काढायला घेतलं. दोन दिवस पुढची खोली बंद. पंखा लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही. मी शिंकायलासुद्धा ओटीवर जायचो.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तर आईच्या कपाळावरून नाकापर्यंत मांजराची पावलं! पोरगी रडायला लागली. बायको म्हणाली, "अहो, बघा तुमच्या मनीचे प्रताप." वर्षभर मनी सगळ्यांची असते, नुकसान केलं की माझी एकट्याची होते.

पावलांचा माग काढत गेलो. तो गेला थेट मागच्या खोलीत, बियाण्याच्या गोणीपाशी. तिथे मनी बसलेली, आणि पुढ्यात अर्धा खाल्लेला उंदीर. गोणीला एका कोपऱ्यात नुकतंच दात लागलेले. सांडलं मूठभर, बाकी सगळं शाबूत.

बायकोचा निकाल तयार होता, "पिशवीत घाला आणि नायगाव बाजारात सोडून या." मी म्हटलं, आधी माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बोका होता, बाळ्या. आजूबाजूला कुणीतरी उंदराचं औषध उघड्यावर टाकलं. तसलाच एखादा उंदीर बाळ्याने खाल्ला असणार. दोन दिवस गप्प पडून होता, नाकातून रक्त आलं आणि गेला. त्या वर्षी घरात मांजर नाही. उन्हाळ्यात गोणी उघडली तर निम्मं बियाणं फोलपट. ऐन जूनमध्ये मिळेल ते बियाणं आणून पेरलं. आमची जमीन खाडीकडची, खारी. मध्ये पावसाने दडी मारली आणि रोपांचे शेंडे करपले. पिकलं ते घरच्यापुरतं, तेही जेमतेम. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेलं पनवेल ३ मी जपून ठेवायचो. ते पुन्हा मिळवून वाढवायला एक हंगाम गेला. एकरभर आवणीला लागतं वीस किलो बियाणं, पण तेवढं गेलं की अख्खं वर्ष जातं.

म्हणून माझं मत असं की मांजराला लाडाचं जनावर समजू नका, घरचा राखणदार समजा. आणि राखणदार ठेवायचा असेल तर विषाच्या बाबतीत शिस्त पाहिजे.

ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो. तो मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांचंही रक्त गोठायचं थांबू शकतं. मांजर सुस्त पडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर जनावरांच्या डॉक्टरकडे पळा. वेळेत गेलं तर के१ जीवनसत्त्व देऊन वाचू शकतं. झिंक फॉस्फाइडवर मात्र उताराच नाही. औषध वापरायचंच असेल तर चालू बिळात आत ठेवा, तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरा. त्याआधी बांधावरचं गवत काढा, बिळं खणा. घरात गोणी जमिनीवर नको, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. उंदराला आडोसा मिळाला नाही की मांजराचं काम सोपं होतं.

जाणकार म्हणतील, मांजराने शेतातले उंदीर संपत नाहीत. खरं आहे. शेतात गव्हाणी घुबड पाहिजे, त्याला अपशकुनी म्हणून हाकलू नका. मांजर घरासाठी. ज्याची त्याची हद्द.

आता स्वप्नाचं. बायकोचं स्वप्न आहे, एक रात्र तरी मांजर अंगावरून न जाता झोप लागावी. पोरीचं स्वप्न, आपली रांगोळी बघायला लांबून माणसं यावीत. आणि माझं? इथे चारी बाजूंनी इमारती वर येतायत. भेटेल तो विचारतो, "काका, जागा कधी काढताय?" मला स्वप्नात इमारत दिसत नाही. दिसतं ते एवढंच, जून लागलाय, गोणी सोडली आणि दाणा जसाच्या तसा आहे. जमीन राहील की नाही ते सगळं माझ्या हातात नाही. पण घरचं बियाणं आहे तोवर पेरायला कारण आहे.

हे सगळं ऐकून बायको गप्प बसली. दुपारी बघतो तर तिनेच मनीला सुक्या बोंबलाचं डोकं टाकलेलं. पोरीने संध्याकाळी आजीचं नाक परत काढलं, पहिल्यापेक्षा सरळ. मी म्हटलं, "आईचं नाक एवढं सरळ नव्हतं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ओटीवर जाऊन बसा."

बसलो. मनी आधीच तिथे होती.

तुमच्याकडे बियाण्याची राखण कोण करतं, जरूर कळवा.