वितळणे एका उडीत उरकत नाही

शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर वर्षानुवर्षे काम झाल्यामुळे कोल्हापूरच्या पदार्थविज्ञानवाल्यांना फिल्मची जाडी मोजण्याची सवय आहे. त्या सवयीतूनच एक आक्षेप निघतो: कितीही पातळ फिल्म घ्या, जाडी असतेच, मग द्विमितीय वितळण्याचा सिद्धांत लागू होणार कशाला? दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी 1973 मध्ये मांडलेले आणि हॅल्पेरिन, नेल्सन व यंग यांनी 1978-79 मध्ये पुरे केलेले चित्र संगणकाने खोडले, असे तो सांगतो.

पहिला आक्षेप जाडी पाहतो, वितळते काय ते पाहत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॉलिब्डेनम-जर्मेनियमची अतिसंवाहक फिल्म होती, जाडी सुमारे 20 नॅनोमीटर. अणूंच्या मापाने हे कितीतरी थर झाले. पण तिथे अणू वितळायचे नव्हतेच. वितळायचे होते चुंबकीय क्षेत्राने उठवलेले भोवरे. एवढ्याशा जाडीत भोवऱ्याला वाकायला जागा नसते, म्हणून तो सपाटीवरच्या ठिपक्यासारखा वागतो. क्षेत्र कमी असताना हे ठिपके कॅरमच्या मधोमध मांडलेल्या सोंगट्यांसारखे बसतात, प्रत्येकाभोवती सहा. क्षेत्र वाढवल्यावर आधी ओळी विस्कटल्या, तरी सहा दिशांचे भान राहिले. आणखी वाढवल्यावर तेही गेले. मधली ही अवस्था म्हणजे हेक्झॅटिक.

सिद्धांताचे भाकीत हेच होते. जाळीत मध्येच संपणारी ओळ म्हणजे डिस्लोकेशन. घनात अशा दोषांच्या जोड्या बांधलेल्या असतात. त्या सुटल्या की ओळी मोडतात. पुढे डिस्लोकेशनच फुटते, पाच शेजाऱ्यांचा कण आणि सात शेजाऱ्यांचा कण वेगळे होतात, आणि द्रव बनतो.

संगणकाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. 1962 मध्ये आल्डर आणि वेनराइट यांना संगणकावरच्या 870 कठीण, म्हणजे एकमेकींत न घुसणाऱ्या, चकत्यांत एकाच उडीत वितळण्याची चिन्हे दिसली. 2011 मध्ये बर्नार्ड आणि क्राउथ यांनी दहा लाखांवर चकत्या घेतल्या, तेव्हा हेक्झॅटिक सापडलीच! घनाकडून तिच्याकडे जाणे सलग निघाले, उडी निघाली ती फक्त तिच्याकडून द्रवाकडे जाताना. एवढ्यावरून सगळा सिद्धांत बाद करणे मला अन्यायाचे वाटते. 2015 मध्ये काप्फर आणि क्राउथ यांनी दाखवले, की कणांमधले प्रतिकर्षण पुरेसे मऊ असेल तर ती उडीही नाहीशी होते. पातळ फिल्ममधल्या भोवऱ्यांचे प्रतिकर्षण लांबवर पोहोचणारे असते. कठीण चकत्यांचा निकाल त्यांना तसाच लावता येत नाही.