तीन दरपत्रकं, हात एकच?

मोबाइल घ्यायचा तर तुम्ही चार दुकानांत भाव विचारता ना? मग आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं सरकारी कार्यालय खुर्च्या, पंखे, टोनर घेतं तेव्हाही तसंच व्हायला हवं. राज्य सरकारची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका त्यासाठीच आहे. छोट्या खरेदीला निविदेऐवजी दरपत्रकं चालतात. पण निविदा टाळण्यासाठी मोठ्या मागणीचे तुकडे पाडता येत नाहीत. आणि तिन्ही दरपत्रकं एकाच हातची असतील, तर स्पर्धा फक्त फायलीतच उरते. रक्कम लहान असली तरी पैसा आपलाच! माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा, दरपत्रकांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. आरोप नंतर, आधी कागद वाचा.